साठ हजारांत गेमिंग संगणक: कार्डाला किती आणि बाकीच्या भागांना किती?

जांबोटीची वाट
नमस्कार. मी खानापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवतो. माझी मुलगी यंदा द्वितीय पीयूसी (बारावी) उत्तीर्ण झाली असून आता बेळगावात अभियांत्रिकीला जाणार आहे. दहावीपासून तिची एकच मागणी आहे, ती म्हणजे गेम खेळता येतील असा टेबलावरचा संगणक. मी तिला शब्द दिला होता आणि तो मला पाळायचा आहे. मॉनिटर धरून साठ हजार रुपये बाजूला काढले आहेत. त्यापलीकडे जाणे मला शक्य नाही.

तिला व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळायचे आहे आणि ब्लेंडरमध्ये त्रिमितीचे कामही शिकायचे आहे. शहरातल्या एका दुकानाने मॉनिटर वगळून ३८,००० रुपयांचे कोटेशन दिले आहे. त्यात आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५१२ जीबी एसएसडी आणि एसएमपीएससह (वीजपुरवठ्याच्या पेटीसह) रंगीत दिव्यांचे कॅबिनेट असे लिहिले आहे. आय७ हा शब्द वाचून मला बरे वाटले होते, परंतु मुलीने कागद हातात घेतला आणि म्हणाली, "बाबा, कितव्या पिढीचा ते यात लिहिलेलेच नाही."

कोणत्या भागावर पैसे घालावेत आणि कोणत्या भागावर वाचवावेत, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उद्यमबागकर
सर, मुलीने बरोबर हेरले आहे. आय७ हे घराण्याचे नाव झाले, त्यावरून वय कळत नाही. या भावात नव्या मदरबोर्डासह जो आय७ दिला जातो तो बहुधा तिसऱ्या पिढीचा, म्हणजे २०१२ सालचा ३७७० असतो, आणि "४ जीबी कार्ड" हे बहुधा २०१४ सालचे जीटी ७३० असते. त्यावर ४ जीबी मेमरी असली तरी ती जुन्या डीडीआर३ प्रकारची असते आणि कार्डाच्या चिपमध्येच दम नसल्यामुळे त्या मेमरीचा गेमला काही उपयोग होत नाही. कार्डाची जीबी पाहून कार्ड निवडणे म्हणजे टाकीचा आकार पाहून गाडी घेण्यासारखे आहे.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते आणि व्हॅलोरंट तर विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (संगणकातल्या सुरक्षेच्या दोन सोयी) चालू असल्याशिवाय सुरूच होत नाही. म्हणजे ३८,००० खर्चूनही मुलीचा पहिलाच गेम अडेल. २०२२ सालचा चार कोअरचा आय३-१२१००एफ त्या जुन्या आय७ ला सहज मागे टाकतो. दुकानदाराकडून प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक आणि कार्डाचे पूर्ण नाव लेखी मागा. नाव लिहून द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊ नका.

तंबाखूपेठ, निपाणी
मला सर्वांत जास्त खटकला तो त्या कागदावरचा एक शब्द: "एसएमपीएससह".

चार वर्षांपूर्वी मी असेच कॅबिनेट घेतले होते आणि त्यासोबत आलेल्या एसएमपीएसवर ठळक अक्षरांत ५०० वॅट छापलेले होते. आमच्या गल्लीत संध्याकाळी व्होल्टेज पडते आणि रात्री दहानंतर एकदम चढते. सातव्या महिन्यात एका रात्री कॅबिनेटमधून टप् असा आवाज आला आणि जळक्या वार्निशासारखा वास खोलीभर पसरला. तो एसएमपीएस गेला याचे दुःख नव्हते, परंतु जाताना त्याने मदरबोर्ड आणि एसएसडी दोन्ही सोबत नेले आणि एसएसडीवर माझ्या बहिणीच्या लग्नाचे फोटो होते. उघडून पाहिले तर आत पातळ तारा, बोटाच्या पेराएवढे कपॅसिटर, आणि वजन इतके कमी की हातात रिकामा डबा धरल्यासारखे वाटावे.

आता माझ्याकडे नामांकित कंपनीचा ५५० वॅटचा ब्राँझ दर्जाचा एसएमपीएस आहे. अॅक्टिव्ह पीएफसी (वीज नीट करून घेणारी आतली जोडणी) असलेले असे अनेक एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात, त्यामुळे संध्याकाळी व्होल्टेज पडले तरी यंत्र बंद पडत नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी की ८० प्लसचा (ब्राँझ वगैरे) शिक्का विजेची बचत किती होते एवढेच सांगतो. आतले संरक्षण कसे आहे हे त्यावरून कळत नाही. म्हणून शिक्क्यासोबत वॉरंटीची वर्षे पाहावीत. पाच वर्षांची वॉरंटी देणारा उत्पादक आत हलका माल सहसा घालत नाही.

अथणी उन्हाळा
पाठीमागच्या पॅनेलवर ११५/२३० असा लाल खटका असलेला एसएमपीएस दिसला की तो जुन्या पद्धतीचा, अॅक्टिव्ह पीएफसी नसलेला समजावा. दुकानातल्या दुकानात ओळखण्याची ही सोपी खूण आहे.

खडेबाजार तीन
माझे मत थेट मांडतो. प्रोसेसर रायझन ५ ५६००, मदरबोर्ड बी५५०, रॅम ८ जीबीच्या दोन पट्ट्या, कार्ड आरएक्स ६६००, एसएसडी ५०० जीबीची एनव्हीएमई (वेगवान प्रकारची), एसएमपीएस वर सांगितल्यासारखा ५५० वॅटचा, आणि मॉनिटर २४ इंची फुल एचडी, १०० हर्ट्झचा. साठातले साधारण वीस हजार कार्डाला जातील आणि गेमच्या संगणकात ते योग्यच आहे.

५६०० मध्ये सहा कोअर आणि बारा थ्रेड आहेत आणि तो ६५ वॅटचा आहे, त्यामुळे सोबत येणारा पंखा पुरतो. आरएक्स ६६०० जास्तीत जास्त १३२ वॅट घेते. सगळ्या यंत्राचा खेळताना होणारा एकूण खर्च २५० वॅटच्या आसपास राहतो. दुकानदार ७५० वॅटचा एसएमपीएस गळ्यात मारू पाहतात, त्याची काही गरज नाही.

रॅमबाबत मात्र वाईट बातमी आहे. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव खूप चढले आहेत, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्यामुळे कारखान्यांनी आपली क्षमता तिकडे वळवली आहे. या बोर्डाला लागणारी डीडीआर४ रॅमही त्यातून सुटलेली नाही. म्हणून रॅम मात्र वापरलेली घ्यायला माझी हरकत नाही. तिच्यात हलणारा भाग नसतो, आणि मेमटेस्ट ही रॅमची चाचणी रात्रभर चालवून एकही चूक निघाली नाही तर ती खुशाल वापरावी.

हलशीकर
खडेबाजार तीन यांच्याशी मी सहमत नाही. सरांची मर्यादा साठ हजारांची आहे आणि रॅमचे भाव असे असताना सगळे भाग एकदम घ्यायला गेलात तर कुठेतरी हलका माल घ्यावा लागेल. त्याऐवजी रायझन ५ ५६००जी घ्यावा. त्यात ग्राफिक्स आतच असते. व्हॅलोरंट त्यावर फुल एचडीत चांगले चालते, जीटीए ५ मध्यम सेटिंगवर चालतो, आणि वर्षभराने पैसे जमले की कार्ड घालता येते. मी स्वतः दोन वर्षे असेच काढले. फक्त रॅमच्या दोन पट्ट्या असाव्यात, कारण आतले ग्राफिक्स रॅममधूनच जागा घेते आणि एकाच पट्टीवर त्याचा वेग फार पडतो.

खडेबाजार तीन
हलशीकर, वर्षभराने त्या ५६००जी वर कार्ड घालाल तेव्हा दोन गोष्टी आडव्या येतील. त्याची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) १६ एमबी आहे, तर साध्या ५६०० ची ३२ एमबी. त्यामुळे मोठ्या गेममध्ये कार्ड असूनही फरक जाणवतो. शिवाय तो पीसीआय एक्स्प्रेस (कार्डाला प्रोसेसरशी जोडणारा मार्ग) ३.० वरच थांबतो. आरएक्स ६६०० आठ लेनवर चालते, तिला त्याने थोडाच फटका बसतो. परंतु कोणी स्वस्तात आरएक्स ६५०० एक्सटी देऊ केली तर ती चारच लेन वापरते, मेमरीही ४ जीबी आहे, आणि ३.० वर ती अक्षरशः गुदमरते. ब्लेंडरसाठीही वेगळे कार्ड असणे बरे.

हलशीकर
कॅशचा मुद्दा मान्य आहे. तरीही माझे म्हणणे एवढेच आहे की हलक्या एसएमपीएसवर महाग कार्ड चढवण्यापेक्षा चांगल्या एसएमपीएसवर कार्डाविना वर्ष काढणे शहाणपणाचे. निपाणीकरांचा अनुभव वाचल्यावर तुम्हीही हे नाकारणार नाही.

तंबाखूपेठ, निपाणी
हे मात्र शंभर टक्के खरे.

रामतीर्थ
ब्लेंडरचा विषय निघाला म्हणून सांगते. मी याच कामावर पोट भरते. गेमसाठी आरएक्स ६६०० ही आरटीएक्स ३०५० पेक्षा वेगवान आहे, यात वाद नाही. परंतु ब्लेंडरमध्ये अंतिम चित्र काढताना एन्व्हिडियाची ऑप्टिक्स प्रणाली वापरता येते आणि तिथे एन्व्हिडियाचे कार्ड आपल्या दर्जाच्या मानाने बरेच पुढे जाते. मुलीचा कल पुढे त्याच दिशेने वळणार असेल तर वापरलेले आरटीएक्स ३०६०, १२ जीबीचे, जरूर पाहावे. मोठे दृश्य कार्डाच्या मेमरीत मावले पाहिजे, आणि त्यासाठी १२ जीबी उपयोगी पडतात. ती नुकती शिकायला लागणार असेल तर पहिली दोन वर्षे आरएक्स ६६०० वरही काही अडणार नाही. ३०५० घ्यायचेच ठरले तर नीट पाहून घ्या, कारण त्याच नावाने ८ जीबीचे आणि ६ जीबीचे अशी दोन कार्डे विकली जातात आणि ६ जीबीचे स्पष्टपणे कमी ताकदीचे आहे.

घटप्रभेचा काठ
वापरलेल्या कार्डांबाबत सावध करतो. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने मायनिंगची (कार्डांवर गणिते करून चलन मिळवण्याची) पद्धत सोडली आणि त्यानंतर रात्रंदिवस राबलेली हजारो कार्डे बाजारात आली. त्यांतली काही अजूनही हातोहात फिरत आहेत. मायनिंगचे कार्ड वाईटच असते असे नाही, पण पंखे आणि मेमरीवरचे थर्मल पॅड झिजलेले असतात. मी कोल्हापुरात एक कार्ड घ्यायला गेलो तेव्हा विकणाऱ्याच्या घरीच अर्धा तास बसून फरमार्क ही कार्डावर ताण देणारी चाचणी चालवली. अकराव्या मिनिटाला पडद्यावर हिरवे ठिपके उमटू लागले आणि तो गृहस्थ म्हणाला, "गेममध्ये असे होत नाही." मी पाणी पिऊन परत आलो. पाच मिनिटांची चाचणी दाखवून कार्ड देणाऱ्याकडून घेऊ नका. अर्धा तास द्यायला त्याची तयारी हवी आणि मूळ बिलही हवे.

अथणी उन्हाळा
खरेदी कुठे करावी, हेही कोणी सांगावे. आम्हाला बेळगावही लांब पडते.

तंबाखूपेठ, निपाणी
आम्हा निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, म्हणून मी तिथूनच घेतो. जीएसटी दोन्हीकडे १८ टक्केच आहे आणि वॉरंटी भागाच्या अनुक्रमांकावर असते, दुकान कोणत्या राज्यात आहे यावर नाही. भावाने बंगळूरच्या एस. पी. रोडवरून भाग आणले होते, परंतु दोन हजार वाचवायला रात्रभराचा प्रवास करायचा आणि भाग बिघडला की पुन्हा तितकाच करायचा, हे मला पटत नाही. घेण्याआधी त्या कंपनीचे सेवा केंद्र हुबळीला आहे, कोल्हापुरात आहे की पुण्याला पाठवावे लागते, हे विचारून घ्यावे. घरपोच मागवलेच तर खोके फोडताना सलग व्हिडिओ काढावा आणि त्यात अनुक्रमांक स्पष्ट दिसू द्यावा.

मलप्रभेचे पाणी
वरची सगळी चर्चा वाचली. मी तीस वर्षे वायरमनचे काम केले, आता मुलगा करतो. भागांची निवड तुम्ही मंडळी उत्तम सांगत आहात, परंतु भिंतीतल्या बोर्डाविषयी कोणीच बोलले नाही, म्हणून लिहायला बसलो.

सर, तुमच्या घरी लॅपटॉप तीन पिनांच्या चार्जरने चार्जिंगला लावून अनवाणी पायांनी त्याच्या धातूच्या कडेला हात लावला की मुंग्या आल्यासारखे होते का? होत असेल तर बहुधा घराला अर्थिंग नाही किंवा असून मेलेले आहे. एसएमपीएसमध्ये शिरल्याशिरल्या दोन लहान कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. त्यांतून झिरपणारा बारीकसा प्रवाह अर्थिंगने जमिनीत जायचा असतो. अर्थिंग नसेल तर पत्रा २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा असल्याने तुम्हाला फक्त चिमटा बसतो. परंतु त्याच अवस्थेत टीव्हीची किंवा मॉनिटरची एचडीएमआय केबल चालू यंत्रात खुपसली तर पोर्ट जळू शकतो, आणि हजारोंचे कार्ड हकनाक जाते. चांगला एसएमपीएस घेतला म्हणून हा प्रश्न सुटत नाही.

तपासायचे असे: वायरमनकडून मल्टिमीटरने तीन रीडिंग घ्यावीत. फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ ही दोन्ही जवळजवळ सारखी यायला हवीत, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत राहावे. खानापूरच्या पश्चिमेला जमीन जांभ्याची. पावसाळ्यात खड्डा ओला असतो तेव्हा रीडिंग छान येते आणि एप्रिलमध्ये तेच अर्थिंग कोरडे पडून निकामी होते. अडीच मीटरचा जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, आणि वर पाणी घालायला नरसाळे, एवढे केले की काम होते.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. काही जण खड्डा खणायचा कंटाळा म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एका तारेने जोडून देतात. मीटरवर शून्य दिसते आणि मालक खूश होतो. पण खांबावरची न्यूट्रल तुटली की त्या क्षणी कॅबिनेटच्या पत्र्यावर पुरते २३० व्होल्ट येतात. मुलांच्या खोलीत हे कधीही होऊ देऊ नका.

जांबोटीची वाट
काका, चिमटा बसतो. लॅपटॉपला बसतो आणि फ्रिजच्या दांड्यालाही बसतो. आम्ही तो पावसाळी दमटपणा समजत होतो. उद्याच वायरमन बोलावतो.

आणखी एक शंका आहे. घरात इन्व्हर्टर आहे, मग यूपीएस वेगळा घ्यावा का? आमच्याकडे पावसाळ्यात वीज दिवसातून दहा वेळा जाते.

उद्यमबागकर
इन्व्हर्टर साइन वेव्हचा असेल आणि त्यावर यूपीएस मोडचा खटका असेल तर यूपीएसशिवाय चालू शकते. वीज गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टरने त्याआधी भार उचलला पाहिजे. जुने स्क्वेअर वेव्हचे इन्व्हर्टर यासाठी वापरू नयेत. यूपीएस घेतलाच तर ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे. तो सहसा ३६० वॅटचा असतो. खेळताना २५० वॅट आणि वर मॉनिटर धरला तर नव्या बॅटरीवर तो निभावतो, पण बॅटरी जुनी झाली की वीज जाताच स्वतःच बसतो. काम साठवून यंत्र बंद करण्यापुरती पाच मिनिटे मिळाली तरी पुष्कळ.

शहापूरची ताई
सर, माझी एक विनंती आहे. सगळे भाग आणा, पण जोडणी मुलीला करू द्या. मी पहिला संगणक एकटीने जोडला, तेव्हा घरी कोणालाच खात्री नव्हती. दोन तास पडदा काळा होता आणि मी रडकुंडीला आले होते. शेवटी कळले की मॉनिटरची केबल मी कार्डाऐवजी मदरबोर्डाच्या भोकात घातली होती. ५६०० मध्ये आतले ग्राफिक्स नसल्यामुळे तिथून काहीच दिसत नाही.

तिला आणखी तीन गोष्टी सांगा. रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत घालायच्या; खाचा दोनच असतील तर प्रश्नच नाही. बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमचा पूर्ण वेग, चालू करायचे, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वरच धावत राहते आणि वर्षभर कोणाच्या लक्षातही येत नाही. आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटर १०० हर्ट्झवर टाकायचा, कारण तो आपोआप ६० वर राहू शकतो.

कणकुंबीचा पाऊस
जांबोटी भागात पावसाळा कसा असतो हे आम्हाला कोणी सांगायला नको. संगणक आठवडाभर बंद राहिला की आमच्याकडे रॅमच्या पट्टीच्या सोनेरी दातांवर थर धरतो आणि यंत्र नुसते बीप करते. पट्टी काढून पांढऱ्या खोडरबराने हलके घासली की सुरू होते. म्हणून पावसाळ्यात रोज तासभर तरी यंत्र चालू ठेवावे. आतली ऊब दमट हवा बाहेर काढते. कॅबिनेट जमिनीवर किंवा भिंतीला चिकटवून ठेवू नये, आणि मागच्या रिकाम्या पट्ट्यांच्या जागा बंद कराव्यात. आमच्या घरी त्या फटीतून पाल आत शिरली आणि एसएमपीएसच्या पंख्यात अडकली होती.

तंबाखूपेठ, निपाणी
आमच्याकडे पालीपेक्षा तंबाखूची धूळ वाईट. ती तेलकट असते, पात्यांवर बसली की फुंकून निघत नाही. पुढे जाळी असलेले कॅबिनेट घ्यावे आणि पुढून दोन पंख्यांनी हवा आत, मागून एकाने बाहेर अशी रचना ठेवावी, म्हणजे फटींतून धूळ ओढली जात नाही. काचेच्या बंद तोंडाचे, दिव्यांचे कॅबिनेट दिसायला सुंदर असते, परंतु त्यात कार्ड भाजते.

जांबोटीची वाट
तीन आठवड्यांनी लिहितो आहे, क्षमस्व. वायरमनने पहिल्याच दिवशी न्यूट्रल ते अर्थचे रीडिंग घेतले तेव्हा ते ३८ व्होल्ट आले. घर बांधताना पुरलेली अर्थिंगची तार मोरीमागे गंजून तुटलेली होती. परसात नवा खड्डा घेतला, पाइप, कोळसा, मीठ आणि मजुरी मिळून ३,२०० रुपये झाले. आता रीडिंग दीड व्होल्ट आहे आणि फ्रिजच्या दांड्याला चिमटा बसत नाही.

त्या ३,२०० मुळे हिशेब पुन्हा मांडावा लागला. मुलीने स्वतः रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटवर काट मारली आणि साधे जाळीचे घेतले. रायझन ५ ५६००, बी५५० बोर्ड, वापरलेल्या रॅमच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या, आरएक्स ६६०० नवी, ५५० वॅटचा ब्राँझ एसएमपीएस आणि १०० हर्ट्झचा मॉनिटर, सगळे मिळून खड्ड्यासकट ५९,६०० झाले. इन्व्हर्टर साइन वेव्हचा निघाला, म्हणून यूपीएस सध्या घेतला नाही. रामतीर्थ ताई, तिने तुमचे उत्तर तीनदा वाचले आणि पहिली दोन वर्षे याच कार्डावर शिकायचे ठरवले.

रविवारी तिने जोडणी केली. मी टॉर्च धरून उभा होतो. प्रोसेसर खाचेत ठेवल्यावर दांडी खाली दाबताना तिचा हात थांबला, माझ्याकडे पाहिले, आणि मग हळूच दाबली. पहिल्या वेळी पडदा काळाच राहिला. मी घाबरलो, पण तिने शांतपणे मागे वाकून केबल मदरबोर्डातून काढली आणि कार्डात घातली. शहापूरच्या ताईंचे उत्तर तिने मोबाइलवर उघडूनच ठेवले होते.

शहापूरची ताई
तिला माझा आशीर्वाद सांगा. एक्सएमपी चालू केले का?

जांबोटीची वाट
केले. बायोसमध्ये ३२०० दिसते आहे.

मलप्रभेचे पाणी
सर, काम नीट झाले. मार्चपासून दर आठवड्याला त्या नरसाळ्यात बादलीभर पाणी घालत जा आणि एप्रिलच्या शेवटी पुन्हा रीडिंग घेऊन इथे कळवा. तीनच्या वर गेले तर मुलाला पाठवतो.